मोतीबिंदू : कोणती लेन्स बसवायची?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्रीही सिंहगड रस्त्याने स्कूटर चालवतात. चष्म्याचा तिरपा नंबर १.७५ आहे. रुग्णालयाने मोनोफोकल, टोरिक आणि सर्वांत महाग ट्रायफोकल अशी तीन पॅकेजं सांगितली. चष्मा सुटावा म्हणून ट्रायफोकल घ्यावी का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : आमच्या मते नको. ट्रायफोकल लेन्स डोळ्यात येणारा उजेड लांब, मधल्या आणि जवळच्या अंतरांत वाटून टाकते. त्यामुळे रंगछटांतला फरक थोडा फिका दिसतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, सगळ्यांना नाही. रात्री दुचाकी चालवणाऱ्याने ही जोखीम का घ्यावी? त्यात मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) इजा झालेली असली, तर मुळातच कमी झालेली नजर या लेन्सने आणखी मंदावते. म्हणून पॅकेज ठरवण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) करा. सूज निघाली तर आधी तिचे उपचार, मग ऑपरेशन.

पडदा चांगला असेल तर मोनोफोकल टोरिकचा, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणाऱ्या आणि तिरपा नंबरही घालवणाऱ्या लेन्सचा विचार करा. मात्र चष्म्यातल्या १.७५ वर जाऊ नका. त्यातला काही भाग नैसर्गिक भिंगाचा असू शकतो आणि ते भिंग तर निघूनच जाणार. टोरिक लागते की नाही, हे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) वक्रतेचं माप सांगतं. तिथे साधारण एक किंवा जास्त तिरपा नंबर असेल तर टोरिकचे पैसे सार्थकी लागतात. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश सरकली की सुमारे ३ टक्के परिणाम जातो, ३० अंश सरकली तर तिचा उपयोगच उरत नाही. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून खुणा बसलेल्या स्थितीत करतात. तसं करतात ना, हे जरूर विचारा.

लांबचं स्पष्ट ठेवलं तर वाचायला साधारण +२.५० चा चष्मा लागेल, हे बाबांना आधीच सांगा.

लेन्सच्या किमतीपेक्षा मोजमापाकडे अधिक लक्ष द्या. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. प्रकाशाने मोजणारं यंत्र उत्तम. पण मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि सोनोग्राफीने मोजावं लागतं. तेव्हा प्रोब कॉर्नियावर दाबला गेला तर डोळा आखूड मोजला जातो, जास्त ताकदीची लेन्स बसते आणि ऑपरेशननंतर मायनस नंबर राहतो. प्रोब न टेकवता, पाण्यातून मोजणारी पद्धत मागा. डोळे कोरडे असतील तर आधी थेंब घालून ते सुधारा, नाहीतर वक्रतेचं मापही चुकतं.

बऱ्याच विमा पॉलिसींत मोतीबिंदूसाठी वेगळी मर्यादा असते. ती आधी विचारा.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी लॅसिक (लेझर ऑपरेशन) करून मायनस नंबर घालवला होता. आता मोतीबिंदू आहे. काही अडचण येईल का?
– एक वाचक, औंध

उत्तर : ऑपरेशन होतं, पण लॅसिकबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. लॅसिकने कॉर्निया सपाट झालेला असतो. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर कमी ताकदीची लेन्स निघते आणि प्लस नंबर उरतो. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत. लॅसिकपूर्वीचा नंबर आणि वक्रतेचे कागद सापडले तर सोबत न्या.