लाडू येणार असेल तर मी येणार नाही

प्रिय मावशी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि लाडू, म्हणजे आमचा तीस किलोचा लॅब. गेल्या वर्षी नवऱ्यानं सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली. यंदा सासूबाई फलटणहून सहा महिन्यांसाठी आल्यात, म्हणून जुलैत सगळे मिळून व्हर्जिनियातल्या शेनॅन्डोआ नॅशनल पार्कला गेलो. बिग मेडोज कॅम्पग्राउंडवर तीन रात्री. माझी पार दमछाक झाली. सासूबाईंना गॅसपाशी कुत्रा चालत नाही, आणि व्हॅनमध्ये गॅस, पलंग आणि संडास सगळं दोन हातांच्या अंतरावर. तिथला संडास तर त्यांनी एकदाही वापरला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही धबधब्याला गेलो. तिथे कुत्र्यांना बंदी, आणि आईंना तो चढ-उतार जमलाच नसता, म्हणून त्या आणि लाडू साइटवरच थांबले. आम्ही परतलो तेव्हापासून त्या गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चक्करही आली. आता पानगळीचे रंग बघायला नवऱ्यानं ऑक्टोबरचं पुन्हा तिथलंच बुकिंग केलंय. आई म्हणाल्या, "कुत्रं येणार असेल तर मी येणार नाही." मुलगी म्हणते, लाडू नाही तर मीही नाही. नवरा म्हणतो, "होईल गं आईला सवय." लाडूला बोर्डिंगमध्ये ठेवू, आईंना नणंदेकडे पाठवू, की ट्रिपच रद्द करू? आणि दोनदा वारी केलेली बाई तीन रात्री व्हॅनमध्ये का राहू शकत नाही, हे मला खरंच कळत नाही.

– मधल्या मध्ये अडकलेली

*

अगं, पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तीन विचारलेस, पण मला टोचत राहिलं ते तू जाता जाता लिहून टाकलेलं वाक्य: "त्या आणि लाडू साइटवरच थांबले."

ती दुपार जरा त्यांच्या खुर्चीवर बसून बघ. धबधबा म्हणजे डार्क हॉलो असणार, बिग मेडोजहून बहुतेक लोक तिथेच जातात. वाट जाऊन-येऊन दीड मैलाच्या आतली, पण परतताना सगळा चढ. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा, फोटो, पाण्यात पाय. दोन-अडीच तास सहज गेले असतील. तेवढा वेळ सासूबाई एकट्या. रान अनोळखी. फोनला रेंज नाही, त्या डोंगरात ती कुणालाच धड मिळत नाही. शेजारी इंग्रजी बोलणारी माणसं. आणि हातात सहा फुटी पट्टा, ज्याच्या दुसऱ्या टोकाला, ज्याची शिवाशिव त्यांना नको तोच लाडू.

आता सांग, त्यांना लघवीला लागली असती तर? व्हॅनमधला संडास त्या वापरत नाहीत. कॅम्पग्राउंडचं स्वच्छतागृह चालत जायच्या अंतरावर. कुत्र्याला साइटवर एकटं बांधून जाणं नियमात बसत नाही, आणि निघताना तुमच्यापैकी कुणीतरी "आई, त्याला सोडून कुठे जाऊ नका हं" असं नक्की बजावलं असणार. मग बाई काय करते? पाणी प्यायचंच बंद करते. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर हेच करत आल्यात. रात्रीच्या एसटीनं जायचं असलं की माझी आई दुपारपासून घोटभर पाणी घ्यायची नाही. आम्हाला ती तिची सवय वाटायची.

चक्कर त्यातूनच आली असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्यांना बीपीची गोळी चालू असेल, त्यातून ती लघवी वाढवणारी असेल, तर हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑक्टोबरचं नंतर. आधी डॉक्टरांना फोन कर आणि "दोन दिवस पाणी फार कमी प्यायल्या होत्या" हे आठवणीनं सांग.

व्हॅनमधल्या संडासाचं तू नुसतं लिहून सोडून दिलंस. त्यात किळस, अडचण सगळं असेल. पण टाकी रिकामी कोण करतं, हे त्यांनी पाहिलंय ना? तुझा नवरा. डम्प स्टेशनवर हातमोजे घालून, तो जाडा पाइप लावून. आपली घाण मुलानं उपसायची, ही कल्पनाच त्या पिढीतल्या बाईला सोसत नाही. त्या हे कुणाला बोलून दाखवणार नाहीत, तुला तर नाहीच.

आता वारी. वारीत त्या कुठे झोपल्या असतील? राहुटीत, पंधरा-वीस बायकांच्या रांगेत, अंगाखाली ताडपत्री आणि पाऊस आला की तीही ओली. संडासाच्या सोयीबद्दल न बोललेलंच बरं. तरी त्या दुसऱ्यांदा गेल्या. दिंडीत बाईला काम असतं गं. कुणी भाकऱ्या थापते, कुणी डोक्यावर तुळस घेऊन चालते, कुणी पहाटे बाकीच्यांना हलवून उठवते. चार जणी नाव घेऊन हाक मारतात, एक दिसली नाही तर शोधायला माणूस जातो. तुमच्या व्हॅनमध्ये काय होतं? रात्री पलंग आणि सकाळी मोडून टेबल होणारं बाकडं. म्हणजे सगळे उठले की त्यांची जागाच गेली. फलटणला स्वतःचं घर चालवणारी बाई तीन दिवस पिशवीसारखी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत राहिली, आणि काम दिलंत ते एकच, कुत्र्याची राखण.

मी शहाणी म्हणून बोलत नाहीये. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही मेरीलँडला होतो तेव्हा हेच केलं. आमच्याकडे उघडमिट करणारा कापडी ट्रेलर होता, शेरू होता आणि मिरजेहून आलेल्या माझ्या सासूबाई. आम्ही मुलांना घेऊन तळ्यावर जायचो आणि त्या शेरूजवळ. संध्याकाळी गाडीत काच लावून बसून राहायच्या. मला तो रुसवा वाटला, मीही दुर्लक्ष केलं. दोन वर्षांनी मिरजेत एका मुंजीला त्यांनी पंगतीत सांगितलं, "मला अमेरिकेला नेलं होतं की. कुत्रं सांभाळायला." सगळे हसले. मी वाढत होते, हातात आमटीचं भांडं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट: माफी. आणि ती तुझ्या नवऱ्यानं मागायची. आई त्याची आहे, तू मध्ये निरोप्या होऊ नकोस. "तुला तिथे एकटीला ठेवून गेलो, चुकलं," एवढं पुरे. पुढे "पण" नको. "होईल सवय" हे वाक्य तर त्यानं कायमचं गिळून टाकावं. सवय करून घ्यायची ती नेहमी एकाच माणसानं, हा कुठला न्याय? आणि हो, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट सासूबाईंना ऐकवायचा मोह होईल. ऐकवू नकोस. त्यांना ती तुझ्या आधीपासून माहीत आहे.

त्यानंतर त्यांना विचारा, यायचंय का. नाही म्हणाल्या तर नणंदेकडे आनंदानं सोडा, चेहरे पाडू नका. त्यांना तिकडे खरंच बरं वाटेलही. हो म्हणाल्या तर लाडूला बोर्डिंगमध्ये टाकायची गरज मला दिसत नाही, फक्त मांडामांड बदलावी लागेल.

व्हॅन म्हणजे घर, असं धरून चाललात तिथेच फसलात. व्हॅन ही झोपायची खोली. घर म्हणजे ती अख्खी साइट. बाहेर पिकनिक टेबल आहे. दोन बर्नरची शेगडी त्याच्या एका टोकाला मांडा, ते टोक सासूबाईंचं. लाडूचा पट्टा तिथवर पोचणार नाही असा दुसऱ्या बाजूला. शिवाशिव त्यांची आहे, तर हद्दही त्यांनाच आखू दे. पिठलं त्यांना करायचं असेल तर करू दे, तू कांदा चिरून दे आणि बाजूला हो. नसेल करायचं तर बसू दे. स्वयंपाक बाहेर असला की थंडीत खिडक्या लावून आत गॅस पेटवायचा प्रश्नच येत नाही, तो तसाही जिवाशी खेळ असतो. जेवण झालं की सगळं उचलून गाडीत बंद, लाडूचा वाडगा आणि त्याचं खाणंसुद्धा. तिथे काळी अस्वलं आहेत. फोडणीतल्या हिंगानं अस्वल लांब राहील अशी माझ्या नवऱ्याला फार आशा होती. पार्कच्या नियमांत तसं काही लिहिलेलं नाही. शेकोटीचं लाकूडही घरून नेऊ नका, झाडांना लागणारी कीड त्यातून पसरते. उष्णतेची प्रक्रिया केलेलं, प्रमाणित लाकूडच तिथे चालतं.

झोपायचं असं करा: नवरा, मुलगा आणि लाडू तंबूत, तुम्ही तिघी व्हॅनमध्ये. मोठा पलंग सासूबाईंना, जो सकाळी कुणी मोडायचा नाही. नवरा म्हणेल, एवढी व्हॅन घेतली आणि मी जमिनीवर? म्हणू दे. तुमच्या साइटवर तंबू चालतो का, ते मात्र बुकिंगमध्ये बघून घे. बिग मेडोज साडेतीन हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री पारा पाच-सहा अंशांवर येणं नवल नाही, तेव्हा बाप-लेकाच्या स्लीपिंग बॅगा चांगल्या असू देत. लाडूची ऊब आहेच.

साइटचा नंबर बदलता येत असेल तर आजच बदल. दरी दिसणारी नको, स्वच्छतागृहाजवळची घे. रात्री तिथे दारांची धडधड ऐकू येते, येऊ दे. तिथले संडास फ्लशचे आहेत, सासूबाईंना फक्त एक मग लागेल. नवा लाल प्लास्टिकचा मग, हँडलला दोरी, आणि डोक्याला लावायचा दिवा. हे पहिल्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत तू त्यांच्या हातात ठेव आणि एकदा बरोबर चालत जाऊन ये. रात्री मला उठवा, असं म्हण आणि खरंच ऊठ.

आता लाडू. अमेरिकेतल्या बऱ्याच नॅशनल पार्कांत कुत्र्याला पायवाटांवर फिरकू देत नाहीत, पण शेनॅन्डोआ त्या बाबतीत दिलदार आहे. सुमारे 500 मैलांच्या वाटा, त्यातल्या जेमतेम 20 मैलांवर बंदी. तुम्ही नेमकी त्या वीसातली निवडलीत. स्टोनी मॅन, लिंबरलॉस्ट, बेअरफेन्स, ओल्ड रॅग याही त्यातल्याच, त्या सोडा. अ‍ॅपलाचियन ट्रेल कॅम्पग्राउंडला लागूनच जाते, तिथे लाडू पट्ट्यासकट चालतो. आणि ज्या कुरणावरून त्या जागेला नाव पडलंय ते स्कायलाइन ड्राइव्ह या पार्कमधल्या रस्त्याच्या पलीकडेच आहे, जवळजवळ सपाट. संध्याकाळी तिथे हरणं चरायला येतात. सासूबाईंना तिकडे ने, धबधब्याचा हट्ट कशाला? येता-जाता स्कायलाइन ड्राइव्हवर थांबायला सत्तरेक जागा आहेत, तिथे तर गाडीतून उतरायचं आणि बघायचं. रस्ता वळणांचा आहे, त्यांना खंबाटकीत मळमळत असेल तर आलेपाक जवळ ठेव.

तरीही कुणाला बंदीच्या वाटेनं जायचंच असेल तर लाडूजवळ मागे राहायची पाळी नवऱ्याची, मग तुझी, मग पुन्हा नवऱ्याची. सासूबाईंची नाही. आणि "व्हॅनमध्ये ठेवू थोडा वेळ" हा विचारही नको. बाहेर 21 अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत 32 वर आणि अर्ध्या तासात 40 वर जाते. त्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावता येतो, म्हणजे एसीचाही भरवसा नाही. मुलीला लाडू हवा असेल तर त्याचं खाणं, पाणी, फिरवणं आणि पिशवीत उचलणं तिचं. चौदा वर्षांची आहे, जमतं.

तुझ्याबद्दल मात्र पत्रात दोन शब्द आहेत, "पार दमछाक". अंथरुणं कुणी घातली, भांडी कुणी विसळली, मुलाचा ओला स्वेटर कुठे आहे हे कुणाला माहीत होतं, याचा हिशेब मला पत्राशिवायही मांडता येतो. नवऱ्यानं गाडी चालवली आणि टाकी रिकामी केली, मान्य. टाकी रिकामी करायला पंधरा मिनिटं लागतात आणि तिच्याबद्दल घरी आल्यावर आठवडाभर ऐकावं लागतं. भांडी त्याच्याकडे दे.

एक राहिलं. लाडूला गोचिडीचं औषध चालू आहे ना? थंडी पडली की गोचीड जाते असं समजू नकोस, ऑक्टोबरात ती असतेच आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार माणसालाही होतो. रोज संध्याकाळी लाडूच्या कानामागे, काखेत बोटं फिरवून बघायचं. सासूबाई साडीवर बूट-मोजे घालत असतील तर मोजे पांढरे घे, पटकन दिसते.

– मावशी