संध्याकाळचा फोन सकाळी लाव

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. एका वर्षासाठी जर्मनीत, आखेनला शिकायला आलोय. पत्ता नोंदवणं, बँक, विमा सगळं मार्गी लागलं, लेक्चरही समजतात. पण माणसं काही जुळेनात. फ्लॅटमध्ये आम्ही चौघं आहोत : दोन जर्मन मुलं, एक तुर्की मुलगी आणि मी. सगळे हसून ‘हॅलो’ म्हणतात आणि आपापल्या खोलीत जातात. नोव्हेंबर लागल्यापासून पाच-साडेपाचलाच अंधार पडायला लागलाय. रोज साडेपाच ते सात घरी व्हिडिओ कॉल करतो, तेवढाच वेळ बरा जातो. इथं मराठी-हिंदी पोरांचा एक ग्रुप आहे. त्यात रमलो तर परदेशात येऊन काय मिळवलं असं वाटतं आणि न जावं तर एकटाच. रात्री खोलीत रडू येतं. काय करू?

उत्तर : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीयस. रोज साडेपाच ते सात घरी कॉल. आधी तेच बघू.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं तासभर मागं गेली, म्हणजे आता कोल्हापूर तुझ्या साडेचार तास पुढं आहे. तुझे साडेपाच म्हणजे आईचे रात्रीचे दहा आणि तुझे सात म्हणजे तिचे साडेअकरा. ती बिचारी डोळे ताणून जागी राहते आणि तुझी दिवसातली नेमकी कामाची वेळ हातची जाते. जर्मन पोरं संध्याकाळी सहा-साडेसहाला स्वयंपाकघरात उतरतात. कुणी पास्ता उकळायला टाकतं, कुणी ब्रेडवर चीज ठेवून उभ्या उभ्या खातं, आणि काय बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात होऊन जातं. तू सातला बाहेर येतोस तोवर ओटा पुसून सगळे दाराआड गेलेले असतात. त्यांच्या लेखी तू रोज संध्याकाळी कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलणारा, कामात असलेला मुलगा आहेस. मग तुझं दार कोण वाजवणार?

तेव्हा फोन सकाळी लाव. तुझे साडेसात म्हणजे इथले बरोबर बारा. भाकरी-आमटी उरकून आई जरा टेकलेली असते. वीस मिनिटं पुरे. रविवारी मात्र दोन तास बोल. त्या दिवशी तिथं दुकानं बंद, रस्ते सुने, तुझ्यामागंही काही घाई नाही. पहिला आठवडा आईला चुकल्याचुकल्यासारखं होईल. आधीच सांगून टाक, म्हणजे पोरगं तुटलं असं तिला वाटणार नाही.

आता मोकळ्या झालेल्या संध्याकाळचं काय करायचं? फ्रिजवर साफसफाईचा तक्ता चिकटवलेला असेल, बघ. या आठवड्यात बाथरूम कुणाचं, कचरा कुणाचा. त्यात तुझं नाव आहे ना? नसेल तर पेन घे आणि लिही. तिथं ओळख अशीच होते, कामाच्या आडून. कचऱ्याचंच घे. कागद वेगळा, भाजीपाल्याचा वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, काच रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत आणि तीही रविवारी किंवा रात्री टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. यातलं काय कुठं टाकायचं हे विचारायला तुझ्याइतकं चांगलं निमित्त दुसऱ्या कुणाकडं नाही. समजावून सांगायला त्या लोकांना मनापासून आवडतं.

मी तिथं शिकत होते तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मुलीशी माझ्या पहिल्या खऱ्या गप्पा फ्रीजरमधला बर्फ काढताना झाल्या. आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून आम्ही दोघी फरशीवर मांडी घालून बसलेल्या, हातात जुने टॉवेल, आणि ढलपे सुटायची वाट बघतोय. करायला दुसरं काहीच नाही, मग बोलायलाच लागलं. तिच्या आजीची गोष्ट, माझ्या आत्याची गोष्ट. बर्फ निघाला तरी आम्ही तिथंच. तोपर्यंत मला ती शिष्ट वाटायची आणि तिला मी.

दुसरं असं की ‘या की एकदा जेवायला’ हे आपल्याकडं चालतं, तिथं चालत नाही. ऐकणारा खूश होतो आणि तारखेची वाट बघत बसतो. ‘मंगळवारी सात वाजता मी रस्सा करतोय, तुम्ही तिघं याल का?’ असं विचार. लगेच मोबाइल काढून कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतील आणि मंगळवारी सातच्या ठोक्याला हजर असतील. कोण मांस खात नाही ते आधी विचारून घे. पांढरा रस्सा करणार असशील तर नारळाचं दूध डब्यातलं मिळतं. खसखशीच्या नादाला मात्र लागू नकोस, सुपरमार्केटात ती निळी मिळते आणि रस्सा सिमेंटच्या रंगाचा होतो. काजू आणि पांढरे तीळ वाट. तांबड्याची फोडणी देताना खिडकी सताड उघड आणि खोल्यांकडचं दार लावून घे. ठसका लागला तर माणसं हसतील, पण धुराचा अलार्म वाजला तर अख्खी इमारत जिन्यावर येईल. (तीही एक ओळखच म्हणा.)

आणि मंगळवार पेठेतला पोरगा मला एकटा आहे म्हणून लिहितो आणि पत्रात फुटबॉलचं नाव नाही? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडणाऱ्यांपैकी नसलास तरी तो आवाज कानावरून गेलाच असेल. आखेनचा स्वतःचा क्लब आहे, अलेमानिया. रंग पिवळा-काळा, मैदानाचं नाव टिव्होली. एकदा जाऊन उभा राहा. तिथं कोपराला कोपर लावून ओरडणारी माणसं ‘हॅलो’वर थांबत नाहीत. शिवाय विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग असतात, फुटबॉलपासून नाचापर्यंत, विद्यार्थ्यांना स्वस्तात. नोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीला ऑनलाइन होते आणि जागा भराभर संपतात. या खेपेला राहिलं असेल तर प्रतीक्षायादीत नाव घाल. एकच वर्ग निवड, पण दर आठवड्याला जा. तीच ती तोंडं पुन्हा पुन्हा दिसली पाहिजेत. रोज नवीन पार्टीला जाऊन हे होत नाही.

मराठी-हिंदी पोरांच्या ग्रुपात बिनदिक्कत जा. त्यात कमीपणा कसला? तू ज्या गावचा आहेस त्याला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करत गेले. खेड्यातलं पोरगं शहरात टिकायचं तर पाठीशी चार आपली माणसं हवीत, हा त्यातला व्यवहार मला तरी स्वच्छ दिसतो. शुक्रवारची रात्र त्या ग्रुपला दे, गणपती-दिवाळी तिथंच कर. फक्त ग्रुपप्रोजेक्टला त्यांच्यातलेच चौघं घेऊन बसू नकोस. वर्षभर हिंदीत शिकून परत येशील.

तू विचारलं नाहीस, तरी दोन गोष्टी. वर्गात बसलास म्हणून परीक्षेला बसता येतं असं नाही. प्रत्येक विषयाची वेगळी ऑनलाइन नोंदणी मुदतीत करावी लागते, ती तारीख आजच शोध. आणि निकाल लागायच्या आधी वडिलांना सांगून ठेव की तिथं १.० सर्वांत चांगला, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास. नाहीतर तुझा १.३ बघून ते दोन दिवस जेवायचे नाहीत.

रडण्याबद्दल. अंधाराचा परिणाम होतोच. दुपारी ऊन असो नसो, अर्धा तास बाहेर चाल. पण झोप उडाली, जेवण जाईना, सकाळी उठवेना असं आठवडे चाललं तर वाट बघू नकोस. मेसचं जेवण आणि वसतिगृहं चालवणारी जी विद्यार्थी सेवा संस्था असते, तिच्याकडं बहुतेक ठिकाणी समुपदेशकही असतात. बोललेलं बाहेर जात नाही आणि इंग्रजीतही बोलता येतं. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर नाव घाल.

प्रश्न : माझी मुलगी बर्लिनला शिकते. व्हिडिओवर बारीक झालेली दिसते. गंगावेशीतून म्हशीचं दूध आणून घरी कढवलेलं तूप, पेढे आणि कांदा-लसूण मसाला पार्सलनं पाठवायचा विचार आहे. तूप सांडू नये म्हणून डबा कसा बांधावा? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, डबा बांधूच नका. युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, बॅगेतून आणि टपालानंही. तूप, पेढे, बासुंदी, खवा सगळं त्यात आलं. सापडलं की नष्ट करतात, आणि गंगावेशीचं तूप जर्मन कस्टमच्या कचऱ्यात जावं हे मला बघवणार नाही.

मसाला पाठवा. दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत सील करून, मग डब्यात, झाकणावर चिकटपट्टी. कस्टमच्या कागदावर आत काय आहे आणि किंमत किती ते खरं लिहा. घरच्या माणसानं पाठवलेली भेट ४५ युरोच्या आत असेल तर त्यावर कर लागत नाही.

तूप ती तिथंच करू शकते, फोनवर शिकवा. मीठ नसलेलं लोणी अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात कुठल्याही दुकानात मिळतं. आंबवलेल्या सायीचं असं वेगळं लिहिलेलं लोणी मिळतं, ते घ्यायला सांगा. ताकावरच्या लोण्याची चव त्याला जवळची. जाड बुडाचं पातेलं, मंद आच. आधी फेस येईल, मग तडतड सुरू होईल. तडतड थांबत आली, बेरी बदामी झाली की लगेच उतरवायचं. विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पातेलं तिथं ठेवायचं नाही. रंग पिवळा येईल, गायीचं आहे. म्हशीच्या पांढऱ्या रवाळ तुपाची सर त्याला नाही, पण वरणभातावर चालतंय.

आणि बारीक झालीय म्हणून रोज विचारू नका. नवीन शहरात पोरं चालतात खूप.

प्रश्न : एप्रिलच्या सेमिस्टरला जर्मनीला जातोय. पार्टटाइम नोकरीवर खर्च भागेल ना? – इचलकरंजीचा एक विद्यार्थी

उत्तर : भागेल असं धरून निघू नकोस. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात; त्यातले महिन्याला ९९२ तुझ्या हातात येतात. त्याच पैशांत जगायची तयारी ठेव. कामाची मर्यादा मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी आहे. पण भाषा येत नसेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत काम मिळणं अवघड. जायच्या आधी निदान दुकानात बोलता येण्याइतकी जर्मन शिकून घे. (माझा राजारामपुरीत क्लास आहे, पण जाहिरात करत नाही, कुठंही शीक.)

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच माग. नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. तुझ्याकडं टीव्ही नसला तरी ते खरंच असतं, फसवणूक समजून फेकू नकोस. शुल्क महिन्याला १८.३६ युरो, पण दर घरामागं एकदाच, म्हणजे फ्लॅटमधल्या सगळ्यांत वाटून घ्यायचं.

बँकेचं कार्ड, पिन, विम्याचे कागद, सगळं तिथं टपालानं येतं, आणि पोस्टमन खोली नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. म्हणून पोचलास की पहिल्याच दिवशी आपलं आडनाव पासपोर्टवर आहे तसं कागदावर लिहून पत्रपेटीला आणि बेलला चिकटव.