सव्वातीन मीटर काळा पाइप

ताई, मी ४७ वर्षांची, नाशिकला असते. २०२० साली घरात अडकलो होतो तेव्हा साडी नेसून, पायात बूट घालून हुला हूप फिरवणाऱ्या दिल्लीच्या ईशना कुट्टीचा व्हिडिओ बघितला आणि लेकीची माळ्यावरची रिंग खाली काढली. आता सोसायटीतल्या आम्ही चौघीजणी सकाळी सहाला गच्चीवर असतो. वजन फार उतरलं नाही, पण दिवस छान जातो. ह्यांनीही यावं असं फार वाटतं. हे ५२ वर्षांचे, सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. वाढदिवसाला त्यांना छानशी, हलकी, नवी रिंग आणली. ती दाराआड खिळ्याला लटकते आहे, पावसाळ्यात तिच्यावर मोजे वाळत होते. कधी म्हणतात कंबर दुखते, कधी म्हणतात हा पोरींचा खेळ. मागच्या कोजागिरीला सगळ्यांनी फार आग्रह केला म्हणून एकदा फिरवली, ती थेट पायात! काय हसलो आम्ही! मी व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, पण त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीच्या कठड्याशी बसतात आणि घड्याळ बघून ‘आज अकरा मिनिटं’ एवढंच सांगतात. त्यांना कसं तयार करू?
– गच्चीवरची

प्रिय गच्चीवरची,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मोज्यांपाशी हसले. तिसऱ्यांदा मात्र एका ‘पण’पाशी अडले. ‘पण त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही.’ नसतं घेतलं, तर तुम्हाला ते लिहावंसं तरी का वाटलं असतं?

जरा त्यांच्या जागी उभ्या राहून बघा. माहेरचा ग्रुप म्हणजे त्यांची सासुरवाडी. कंपनीत बंद पडलेली मशिनं चालू करणारा हा माणूस, त्याच्या कमरेवर प्लास्टिकची रिंग दोन सेकंद टिकत नाही, आणि ते बघायला मेहुणे, साडू, सासूबाई सगळे हजर. हसणारे पिवळे चेहरे किती आले असतील ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारत नाही. कोजागिरीनंतर कंबरदुखी सुरू झाली की आधीपासून होती, तेही तुम्हीच आठवून बघा.

तर पहिलं काम रिंगेचं नाही. इतक्या दिवसांनी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमधून पुसता येणार नाही. तुमच्या फोनमधला पुसा, आणि एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडताना म्हणा किंवा गाडीत म्हणा, ‘तो व्हिडिओ मी तुम्हाला न विचारता टाकला, चुकलं माझं,’ एवढंच सांगा. पुढे ‘पण’ नको. ‘पण तुम्ही किती गोड दिसत होतात’ हेसुद्धा नको. आणि त्याच दमात ‘मग उद्या येता ना गच्चीवर?’ हे तर मुळीच नको, नाहीतर माफी म्हणजे लाच होईल.

आता तुमच्या ‘छानशा, हलक्या’ रिंगेकडे येते. भेट म्हणून छान असेल, शिकायला ती चुकीची आहे. हलकी, लहान रिंग भरभर फिरते, म्हणून तिला सांभाळायला कंबरही तेवढीच भरभर हलवावी लागते. तुमच्या लेकीला सात-आठ वर्षांची असताना जमलं ते तिला अंगाच्या मानाने रिंग मोठी होती म्हणून. मोठ्या माणसाला मोठी आणि थोडी जड रिंग लागते. जमिनीवर उभी धरली तर बेंबीच्या आसपास किंवा जरा वर यायला हवी. ती सावकाश फिरते, पडायला लागली तर सावरायला सवड मिळते. गुळगुळीत रिंग आणि सुळसुळीत ट्रॅकसूट हीसुद्धा वाईट जोडी, सुती बनियन बरं.

शिवाय कमरेचाही प्रश्न आहे, आणि तो तुमच्या मिस्टरांना सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गणितज्ञांनी छोटे यंत्रमानव करून त्यांच्यावर रिंगा फिरवून बघितल्या, २०२५च्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झालं. सरळ नळकांड्यावर रिंग फिरायची, पण घसरत खाली यायची. शंकूवरही ठरेना. टिकली ती डमरूवर, म्हणजे मध्ये बारीक आणि खाली नितंबांसारखा उतार असलेल्या आकारावर. त्या उतारामुळे रिंगेला वरच्या दिशेने आधार मिळतो आणि मधल्या बाकामुळे ती जागेवर राहते. आता पन्नाशीतला मराठी पुरुष डोळ्यांपुढे आणा. डमरू कुठे आहे? पोट म्हणावं तर तेही भलत्याच ठिकाणी! ज्यांची कंबर अशी सरळसोट, त्यांना जास्त मेहनत पडते, इतकंच. कोजागिरीला रिंग पायात पडली त्यात त्यांच्या कसबाचा दोष थोडा, भूमितीचा जास्त. मेंटेनन्सच्या माणसाला ‘तुम्हाला जमेल हो’ यापेक्षा ‘लोड आणि अँगलचा घोळ आहे’ हे जास्त पटेल.

आणि म्हणून माझं म्हणणं असं की त्यांना रिंग फिरवायला बोलावूच नका. करायला सांगा.

तुम्ही नाशिकच्या. द्राक्षबागांच्या जिल्ह्यात पाण्याच्या पाइपचं दुकान शोधावं लागणार नाही. ठिबकची मऊ नळी नको, ती लिबलिबीत असते. एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा काळा पाइप वेटोळ्यात मिळतो, २० किंवा २५ मिलिमीटर जाडीचा, तो हवा. सव्वातीन मीटर घेतला की एक मीटरहून जरा मोठी रिंग होते. टोकं गरम पाण्यात धरून मऊ करायची, आत जॉइनर, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा, दाबून बसवायचा, गार झाला की घट्ट. त्यावर रंगीत टेप तिरपी गुंडाळायची आणि आतल्या बाजूने खरखरीत कापडी टेप, पकड यावी म्हणून. जगभर ही मंडळी घरी अशीच रिंग करतात. तुमच्या गच्चीवरच्या चौघींनाही ती बाजारातल्या रिंगेपेक्षा आवडेल बघा.

हे सगळं तुम्ही तुमच्यासाठी मागा. ‘माझी रिंग फार हलकी आहे, मला एक चांगली करून द्याल का?’ खोटं बोलायची गरज नाही, तुम्हाला ती खरोखर उपयोगी पडेल. आणि करून झाल्यावर ती नीट गोल झाली की नाही, जॉइंटपाशी धक्का बसतो का, हे बघायला करणारा माणूस एकदा तरी ती स्वतःभोवती धरेल की नाही, सांगा. धरली तर तुम्ही स्वयंपाकघरात जा. मोबाइल घेऊन नव्हे.

समजा त्यांनी विचारलंच, तर दोनच गोष्टी सांगा. पाय शेजारी-शेजारी नको, एक पुढे एक मागे. आणि कंबर गोल फिरवायची नाही. सगळे तिथेच चुकतात. रिंग पाठीला टेकवून आडवी, जोरात सोडायची आणि नुसतं पुढे-मागे ढकलत राहायचं. माझ्यावर विश्वास ठेवा, हे पत्र आल्यावर मी भाचीकडून तिची मोठी रिंग मागून आणली आणि बेडरूमचं दार लावून चार दिवस खटपट केली. चौथ्या दिवशी नऊ फेरे. बरगडीखाली दोन निळे डाग पडलेत, आमच्याकडे अजून कोणाला सांगितलेलं नाही. दार लावून घेतलं होतं हे पुन्हा एकदा वाचा.

कंबर खरंच धरत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, त्यात वाद नाही.

‘पोरींचा खेळ’ या मुद्द्यावर भांडू नका. फक्त कधीतरी विचारा, लहानपणी सायकलची रिंग काठीने पळवत होतात का हो? त्यांच्या वयाच्या बहुतेक पोरांनी गल्लीतून ती पळवलेली असते, आणि कोणाची सगळ्यात लांब गेली हेही त्यांना पक्कं आठवतं. ते ऐकून घ्या. ऐकताना तुमच्या हुला हूपचा विषय काढू नका. सबंध पत्रात तुम्हाला काय आवडतं ते सगळं आहे, त्यांना काय आवडतं याची एक ओळ नाही. तुम्ही मुद्दाम लिहिलं नाहीत असं नाही, तुमचं ध्यान गच्चीवर आहे.

आणि गच्चीवर कोण असतं? रोज पहाटे सहाला, सुट्टी असो नसो, एक माणूस चहाचा कप घेऊन कठड्याशी येऊन बसतो आणि तुमची मिनिटं मोजतो. अकरा म्हणजे अकरा. तुम्ही ते तक्रारीत लिहिलंय. मला तर वाटलं, तुमच्या छंदात ते केव्हाचे आहेतच, फक्त रिंगेच्या बाहेर आहेत. तुम्हाला ते सोबत हवेत की रिंगेच्या आतच हवेत, हे जरा ठरवा. सोबत हवे असतील तर उद्या त्यांना विचारा, ‘काल किती होती?’ त्यांना आकडा पाठ असणार. तो वहीत लिहायला लावा, हवं तर आलेखही काढतील.

त्यांनी कधीच रिंग कमरेवर घेतली नाही, असंही होईल. तयार राहा. बायकोच्या छंदात यायचं नाही, हाही माणसाचा हक्क आहे. दाराआडची ती हलकी रिंग तेवढी काढून कोणा लहान मुलीला देऊन टाका, नाहीतर रोज येता-जाता ती त्यांच्याकडे बघत राहील.

पाइप आणायला जाल तेव्हा दोघं जा. सव्वातीन मीटर सांगा, एकाच रिंगेपुरता. दुकानदाराने ‘आणखी देऊ का?’ विचारलं तर तुम्ही टेपचे रंग बघत उभ्या राहा. उत्तर त्यांना देऊ द्या.

तुमची,
ताई