रिकाम्या रॉकेटची जोखीम, भरल्या नौकेची जोखीम

सप्रेम नमस्कार.

हर्णैहून आपण पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले. आपली स्वतःची मासेमारी नौका आहे, तिच्यावर बँकेचे कर्ज आहे आणि धाकटी मुलगी दापोलीत बारावी विज्ञानाला असून भौतिकशास्त्रात हुशार आहे, असे आपण कळवले आहे. गेले वर्षभर ती स्पेसएक्स या अमेरिकी रॉकेट कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांच्या मुलाखती ऐकते. अभ्यासाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिने ‘इथे अपयशाला मुभा आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. जेईईचा एकच प्रयत्न करीन, तो फसला तर सीईटीही नको आणि कॉलेजही नको, थेट रॉकेटची कंपनी काढीन, असे ती म्हणते. आपण विरोध केलात तेव्हा ‘बाबा, तुम्हाला जोखीम घेताच येत नाही’ असे तिने सुनावले. तीस वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाला हे वाक्य किती लागले असेल, याची मला कल्पना आहे, कारण मी स्वतः रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराशेजारी वाढले आणि वारा फिरला की घराघरांतल्या बायका कशा धक्क्याकडे डोळे लावून बसतात ते लहानपणापासून पाहिले आहे.

मस्क यांच्या बोलण्यावर मुलीने किती विसंबावे, हा आपला पहिला प्रश्न, आणि तिला रॉकेटचाच ध्यास असेल तर इथून वाट कोणती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला मी अधिक जागा देणार आहे, कारण त्याचे उत्तर नीट मिळाले तर दुसऱ्यावरून घरात भांडण उरणार नाही असे मला वाटते.

भिंतीवरचे वाक्य मस्क यांचेच आहे. आपल्याकडे अपयशाला मुभा आहे, काही बिघडतच नसेल तर तुम्ही पुरेसे नवे काही करत नाही, असे ते स्पेसएक्सच्या सुरुवातीच्या काळात म्हणाले होते. मात्र तेव्हा कंपनीच्या एकाही रॉकेटमध्ये माणूस बसणार नव्हता, आणि पणाला लागला होता तो मुख्यतः त्यांचा स्वतःचा पैसा, जवळपास दहा कोटी डॉलर. २००२ साली कंपनी काढताना ती यशस्वी होण्याची शक्यता दहा टक्क्यांहूनही कमी वाटत होती, हेही त्यांनी अनेकदा सांगितले आहे. म्हणजे बुडण्याची शक्यता किती, बुडाले तर काय बुडेल आणि ते कोणाचे, या तिन्ही गोष्टींचा हिशोब त्या वाक्यामागे होता. मुलीने वाक्य भिंतीवर आणले, हिशोब मात्र मुलाखतीतच राहिला.

त्यांचे पहिले रॉकेट, फाल्कन १, २४ मार्च २००६ रोजी प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपांपैकी ओमेलेक नावाच्या एका चिमुकल्या बेटावरून सुटले आणि सुमारे अर्ध्या मिनिटात इंजिन बंद पडून कोसळले. इंधनाच्या नळीवरचा अॅल्युमिनियमचा एक नट खाऱ्या हवेने गंजून तडकला होता, तिथून इंधन गळले आणि आग लागली. हा भाग मुलीला आपण स्वतः समजावून सांगावा अशी माझी विनंती आहे, कारण तो आपल्याइतका कोणाला कळणार? पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढल्यावर आपण पंख्याजवळचे जस्ताचे तुकडे तपासता आणि झिजलेले बदलता. वरून रंग शाबूत दिसत असला तरी आतून खारे पाणी काय करते, हे हाताने चाचपून पाहणारी माणसे आपण आहोत. पुढच्या रॉकेटसाठी तो नट स्टेनलेस स्टीलचा केला गेला.

याच अपघातातली दुसरी एक बाब तिच्या लक्षात आणून द्यावी. आदल्या दिवशी काम करणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञांच्या हातून चूक झाली, असे मस्क यांनी सुरुवातीला जाहीरपणे सांगितले होते आणि गंजाचे कारण नंतरच्या तपासात पुढे आले. जोखमीबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या नेत्याकडूनही अपघातानंतर घाईने बोलले जाते, आणि त्या घाईचे ओझे खालच्या माणसाच्या खांद्यावर पडते. उद्या आपली मुलगी अशा एखाद्या कामावर पाना हातात घेऊन उभी असेल, तेव्हा तिला हे आधीच ठाऊक असलेले बरे.

दुसरे उड्डाण २००७ मध्ये फसले आणि तिसरे ऑगस्ट २००८ मध्ये. तिसऱ्या वेळी इंजिन बंद झाल्यावरही त्यात थोडा जोर उरला होता, त्यामुळे सुटलेला खालचा टप्पा पुढे सरकून वरच्या टप्प्यावर आदळला. दुरुस्ती इतकीच केली की इंजिन बंद होणे आणि टप्पे वेगळे होणे यांतला अवधी थोडा वाढवला, आणि दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथे रॉकेट पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. फसलेल्या प्रत्येक उड्डाणातून नेमके कारण हाती लागले, म्हणून चौथे साधले. कारण शोधून न काढता नुसते तीनदा पडले असते, तर त्या तीन अपयशांना काडीची किंमत नव्हती. मुलीचा एकमेव प्रयत्न फसला, तर कुठे आणि कशामुळे फसला हे शोधण्याची तिची काय तयारी आहे? ‘एकदाच करीन, नाहीतर सोडीन’ हा तर त्यांच्या कार्यपद्धतीच्या अगदी उलट बाणा झाला.

आता त्यांच्या बोलण्यातला फरक पाहू. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवी हे कंपनीचे मोठे रॉकेट पहिल्यांदा उडण्यापूर्वी, ते कक्षेत पोहोचणार नाही अशी बरीच शक्यता आहे आणि निदान तळाचे नुकसान होणार नाही इतके दूर गेले तरी मी समाधान मानीन, असे ते म्हणाले होते. त्यात माणूस नव्हता, त्यांची स्वतःची एक मोटारगाडी होती. मे २०२० मध्ये त्यांच्याच यानातून दोन अंतराळवीर प्रथमच जाणार होते, तेव्हा मात्र हा सूर नव्हता. उड्डाण यशस्वी झाले तर श्रेय सहकाऱ्यांचे आणि काही वाईट घडले तर दोष माझा, असे ते म्हणाले आणि बोलताना त्यांचा कंठ दाटून आला. दोघांच्या घरी लहान मुले होती. त्या यानासाठी नासाने घातलेली मर्यादा अशी होती की, अंतराळवीर दगावण्याची शक्यता २७० उड्डाणांत एकाहून अधिक असता कामा नये. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये असेच एक यान जमिनीवरच्या चाचणीत फुटले होते. ते फुटले तेव्हा आत कोणी नव्हते, आणि चाचणी घेण्यामागचा हेतूच तो असतो.

म्हणजे एकच माणूस रिकाम्या रॉकेटबद्दल एका भाषेत बोलतो आणि भरलेल्या यानाबद्दल दुसऱ्या. मुलीने पहिली भाषा तेवढी उचलली. आपण मात्र आयुष्यभर दुसऱ्याच भाषेत वागत आलात, कारण आपली नौका कधी रिकामी जात नाही, तिच्यावर खलाशी असतात. वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलेला असताना नौका नांगरावर ठेवणारा तांडेल भित्रा नसतो, हे तिला समजले तर ‘तुम्हाला जोखीम घेता येत नाही’ हे वाक्य ती आपण होऊन मागे घेईल. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोत मंगळावरच्या वसाहतीचा आराखडा मांडताना मस्क यांनी सांगितले होते की पहिल्या प्रवासांत मृत्यूचा धोका मोठा असेल, मरणाची तयारी असेल त्यानेच यावे, आणि मुलांना पाठवावे असे मी सुचवणार नाही. हे शेवटचे वाक्य तिच्या मुलाखतींच्या संग्रहात आहे का, ते विचारून पाहावे.

त्यांचे सगळेच बोलणे मला मान्य आहे असे मात्र समजू नये. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेसएक्सचे स्टारशिप हे रॉकेट आकाशात फुटले, त्याचे तुकडे टर्क्स आणि केकोस बेटांच्या परिसरात पडले आणि कित्येक प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. त्या वेळी मस्क यांनी दृश्यफीत टाकून, यशाची खात्री नाही पण करमणुकीची आहे, अशा अर्थाचे वाक्य लिहिले. मला ते अजिबात पटले नाही. रॉकेट रिकामे होते हे खरे, पण खालची बेटे आणि बाजूने जाणारी विमाने रिकामी नव्हती, आणि त्या माणसांनी कोणतीही जोखीम पत्करलेली नव्हती. स्वतःचा पैसा पणाला लावणाऱ्याला अपयशाची मुभा आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर तुकडे पाडण्याची मुभा त्यात येत नाही. तसेच त्यांच्या तारखांवरही विसंबू नये. २०१७ साली त्यांनी मंगळावर मालवाहू याने २०२२ मध्ये आणि माणसे २०२४ मध्ये पाठवण्याचे उद्दिष्ट सांगितले होते, आणि ती दोन्ही वर्षे तशीच गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ते २०१४ पासून इशारे देत आहेत, मार्च २०२३ मध्ये सहा महिने काम थांबवण्याची मागणी करणाऱ्या पत्रावर त्यांनी सही केली आणि त्याच वर्षी स्वतःची त्याच विषयातली कंपनी उभी केली. एखाद्याने सांगितलेला धोका खरा असू शकतो. पण तो स्वतः त्याप्रमाणे किती वागतो, हे ऐकणाऱ्याने बाजूला मांडून पाहिले पाहिजे.

धोक्याचा आकडा कोण सांगतो, यालाही फार महत्त्व आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी नासाचे चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झाले. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना असे आढळले की, यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापन एक लाखात एक सांगत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते साधारण शंभरात एक म्हणत होते. थंडीत रबरी कडी नीट काम करणार नाही, उड्डाण करू नका, असे त्या यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितले होते. आपल्याकडचे ताजे उदाहरण आहे भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचे. जून २०२५ मध्ये त्यांना नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, तेव्हा गळती दुरुस्त करून पुन्हा चाचणी घेण्याचा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला आणि उड्डाण पुढे ढकलले गेले. ते २५ जूनला झाले आणि शुक्ला सुखरूप परत आले. ‘थांबा’ म्हणण्याइतके ज्ञान आणि तेवढे धाडस अंगी असणे, हीसुद्धा अवकाश क्षेत्रातली नोकरीच आहे, आणि तिला पदवी लागते.

आता दुसरा प्रश्न. मुलीला स्पेसएक्समध्येच जायचे असेल, तर रॉकेटचे तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून असलेल्या अमेरिकेच्या निर्यात-नियमांमुळे तिथल्या नोकऱ्या जवळजवळ पूर्णपणे अमेरिकी नागरिकांना आणि तिथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच मिळतात, हे तिला आजच सांगावे. स्वतःची कंपनी काढण्याला माझा विरोध नाही. स्कायरूट आणि अग्निकुल या भारतीय कंपन्यांनी २०२२ आणि २०२४ मध्ये आपापली पहिली रॉकेटे उडवली आहेत. पण स्कायरूटचे संस्थापक आधी इस्रोत काम केलेले अभियंते होते, आणि मस्क यांच्याकडेही भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन विषयांच्या पदव्या होत्या. त्यांनी सोडली ती पीएचडी, बारावीनंतरचे शिक्षण नव्हे.

तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्तेवर मिळतो, आणि ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा देता येते. त्यामुळे एकच प्रयत्न हा नियम तिने स्वतःवर लादून घेतला आहे. तिथे जमले नाही तर सीईटीतून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घ्यावा. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याला फार दूर नाही. इस्रोची अभियंता भरती देशभरातल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांतून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्यांसाठी खुली असते, त्यामुळे लोणेऱ्यातून वाट बंद होते असे मुळीच नाही. तिचा स्वभाव पाहता मी आणखी एक दिशा सुचवीन. बिघाड कुठे आणि किती शक्यतेने होईल याचा अभ्यास, म्हणजे विश्वसनीयता अभियांत्रिकी, खरगपूरच्या आयआयटीत पदव्युत्तर पातळीवर शिकवली जाते. याच विद्येची कारखान्यातली बहीण म्हणजे औद्योगिक सुरक्षा, आणि तिची गरज आपल्या शेजारी लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत रोजची आहे.

‘कोळ्याच्या पोरीला रॉकेट कशाला’ असे वाडीतले लोक म्हणतात, असेही आपण लिहिले आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून पहिले रॉकेट उडाले ते तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून, आणि त्यासाठी तिथल्या लोकांनी आपले चर्चसुद्धा शास्त्रज्ञांच्या हवाली केले होते. हे वाडीतल्या लोकांना जरूर सांगावे.

सीईटीचा अर्ज मुदतीत भरून ठेवावा. परीक्षा द्यायची की नाही हे नंतर ठरवता येईल, पण मुदत गेल्यावर अर्ज भरता येणार नाही. मुलीने मला स्वतःच्या हाताने एक पत्र लिहावे. जेईई साधण्याची शक्यता तिला किती टक्के वाटते, तो आकडा तिने कशावरून काढला, आणि जेईई फसली तर त्याची झळ घरात कोणाकोणाला बसेल, एवढे तीनच मुद्दे त्यात असावेत. सोबत अकरावीची गुणपत्रिका आणि आतापर्यंतच्या सराव परीक्षांचे गुण पाठवावेत, ते आपल्या पत्राबरोबर आलेले नाहीत.