अविद्या म्हणजे अडाणीपणा नव्हे

प्रश्न असा आहे : ‘अज्ञान आणि अविद्या एकच का? आणि विद्येने अविद्या जात असेल, तर भरपूर शिकलेली माणसं तिच्यातून सुटलेली का दिसत नाहीत?’

दुसरा प्रश्न मुळात पडतो तो प्रवचनकारांमुळे. ‘अविद्या म्हणजे शिक्षणाचा अभाव’ हे इतक्यांदा कानावर आलंय की आता उठून जावंसं वाटतं. जोतीराव फुल्यांनी ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ असं लिहिलं तेव्हा त्यांना शिक्षणाचा अभावच म्हणायचा होता आणि तिथे तो अर्थ चोख बसतो. पण 19व्या शतकातला तो अर्थ उचलून उपनिषदांना आणि योगसूत्रांना डकवायचा, हे कुठलं शास्त्र? मुंडकोपनिषदाने तर चारही वेद आणि व्याकरणासकट सहाही वेदांगं ‘अपरा’, म्हणजे खालच्या पायरीच्या विद्येत टाकली आहेत. एवढं सगळं मुखोद्गत असलेला पंडितसुद्धा अविद्येत असू शकतो, हे त्या ग्रंथांना पहिल्यापासून मान्य आहे.

‘सज्ञान’च्या उलट असणारा कायद्यातला ‘अज्ञान’ आणि नुसतं ‘माहीत नसणं’ हे अर्थ सोडून देतो, कोणताही कोश ते देईल. मला बोलायचंय ते सुरुवातीच्या ‘अ’बद्दल. वैयाकरण याला नञ् म्हणतात आणि त्याचे सहा अर्थ सांगतात : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य (म्हणजे वाईटपणा) आणि विरोध. आपल्या डोक्यात मात्र अभाव तेवढा पक्का बसलेला. ‘अधर्म’ म्हणजे धर्माची रिकामी जागा नव्हे, धर्माच्या उलट वागणं, हे बोलताना आपण बरोबर पाळतो. ‘अविद्ये’पाशी आलो की विसरतो.

योगसूत्र 2.5 मध्ये व्याख्या आहे : अनित्य, अशुचि, दुःख आणि अनात्मा यांना नित्य, शुचि, सुख आणि आत्मा समजणं ही अविद्या. समजणं! न समजणं नव्हे. त्यावरच्या व्यासभाष्यात दोन दाखले येतात. पहिला ‘अमित्र’ : मित्राचा अभाव नव्हे, तर सरळ शत्रू. दुसरा ‘अगोष्पद’, आणि या शब्दावर माझा फार जीव आहे. गो आणि पद जोडले तर ‘गोपद’ व्हावं. मग मधे ‘ष्’ कुठून आला? पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र लिहिलंय (6.1.145). गाईंचा राबता असलेली जागा, गाई कधीच न फिरकणारी जागा आणि खुराच्या ठशाएवढं माप, या तीनच अर्थांत मधे सकार येतो आणि त्याचा षकार होतो. दुसऱ्या अर्थाचं उदाहरण म्हणजे अगोष्पद अरण्य. तिथे गाईचं पाऊल पडायची शक्यताच नाही, इतकं दाट रान. भाष्यकार म्हणतात, अगोष्पद म्हणजे गोष्पदाचा अभाव नव्हे, तो एक निराळा प्रदेशच आहे. अविद्याही तशीच : ‘विद्याविपरीतं ज्ञानान्तरम्’, विद्येच्या उलट असलेलं दुसरं ज्ञान.

‘ज्ञानान्तर’ या शब्दात सगळं आलं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ या अद्वैत ग्रंथातली व्याख्या मला पटत नाही. अज्ञान सत् किंवा असत् असं सांगता न येणारं, त्रिगुणात्मक, ज्ञानविरोधी, भावरूप (म्हणजे नुसता अभाव नसलेलं) असं ‘यत्किञ्चित्’ आहे, असं ते लिहितात. यत्किञ्चित्, म्हणजे ‘काहीतरी’! ही व्याख्या झाली की सुटका? खुद्द शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी सरळ सांगतात की अध्यासालाच, म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप करण्यालाच, पंडित अविद्या म्हणतात. दोरीवर साप दिसणं ही चुकीची जाणीव आहे, पदार्थ नव्हे. पुढच्या मंडळींनी तिचा पदार्थ केला आणि रामानुजांना त्यावर सात आक्षेप घ्यायला आयतं मैदान मिळालं.

उपाय ज्ञानच का, याचं उत्तरही इथेच आहे. चुकीची जाणीव दान, व्रत किंवा यज्ञ करून जात नाही. ती जाते बरोबर जाणिवेनेच. व्यासभाष्याने (2.15) याची मांडणी वैद्यकासारखी केली आहे : रोग, रोगाचं कारण, आरोग्य, औषध. संसार हा रोग, प्रकृती-पुरुषाचा, म्हणजे जड सृष्टी आणि चेतन आत्मा यांचा संयोग हे त्याचं कारण आणि त्या संयोगाच्या मुळाशी अविद्या. विवेकख्याती, म्हणजे त्या दोघांतला भेद स्पष्ट कळणं, हे औषध. ‘वैद्य’ हा शब्द ‘विद्या’वरूनच आलाय, हेही लक्षात ठेवा.

शंकराचार्यांच्या नावावरचा ‘आत्मबोध’ याच्याही पुढे जातो. कतकाची, म्हणजे आपल्या निवळीच्या बियांची पूड गढूळ पाण्यात टाकली की गाळासकट स्वतःही तळाशी बसते. ज्ञानही अज्ञान घालवून तसंच मावळतं. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं लिहिलं आणि लगेच आठवं ज्ञानखंडनाचं. हा क्रम सहज पडलेला नाही.

राहिला पहिला प्रश्न. अद्वैत ग्रंथांत अज्ञान आणि अविद्या बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी येतात. योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी, म्हणजे दुःखाच्या मुळाशी असलेल्या दोषांपैकी, पहिल्याचं नाव म्हणून शब्द ‘अविद्या’च हवा. आणि ‘अविद्य’ हे विशेषण न शिकलेल्याला लावायचं तर खुशाल लावा, तिथे अभावाचा ‘अ’ चालतो.