सॅन होजे शार्क्सनी आजवर एकदाही स्टॅनली कप जिंकलेला नाही, मग त्यांच्या नावावर पुरस्कार आहेत तरी कुठले?

प्रश्नाखाली विचारणाऱ्याने एक ओळ जोडलीय, "कप नसेल तर बाकी सगळी उत्तेजनार्थ बक्षिसंच ना?" मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो, शार्क्स या सॅन होजेच्या आइस हॉकी टीमचा जुना फॅन आहे (स्टॅनली कप म्हणजे त्यांच्या एनएचएल लीगचं विजेतेपद), आणि हे वाक्य मला थेट माझ्या साडूंच्या आवाजात ऐकू आलं, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून टाकतो.

नुसती माहिती हवी असेल तर ती घ्या. २००८-०९ ची प्रेसिडेंट्स ट्रॉफी, म्हणजे ८२ मॅचच्या सीझनमध्ये अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट, ११७. २०१६ चा क्लॅरेन्स कॅम्पबेल बोल, वेस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे लीगचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, जिंकून फायनलला गेलो त्याचा. पॅसिफिक डिव्हिजन, म्हणजे कॉन्फरन्समधला आमचा छोटा गट, सहा वेळा, त्यातली शेवटची चार २००८ ते २०११ अशी लागोपाठ. वैयक्तिक पुरस्कार मिळवलेले खेळाडू नाबोकोव्ह, ग्रॅनाटो, थॉर्नटन, चीचू, बर्न्स, कार्लसन. आता यातलं उत्तेजनार्थ कुठलं ते दाखवा बघू.

आमचे साडू पिट्सबर्गला असतात. मूळचे बेळगावचे, माणूस लाखमोलाचा, रात्री बारा वाजता त्यांच्या दारात उभे राहिलात तरी जेवल्याशिवाय झोपू देणार नाहीत, पण हॉकीचा विषय निघाला की संपलं. त्यांच्या पिट्सबर्ग पेंग्विन्सचे पाच कप. त्यातला २०१६ चा तर त्यांनी आमच्याच बर्फावर उचलला, सॅन होजेत, सहाव्या मॅचला ३-१ ने. त्या रात्री साडूंचा फोन आला, मी उचलला नाही, तर बायकोच्या फोनवर आला. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, बारसं असो नाहीतर सत्यनारायण, हे जेवताना मुद्दाम विचारणार, "मग, शोकेसमध्ये काय नवीन?"

एप्रिल २०१९ ला ते कंपनीच्या कामाने इकडे आले होते. मूड आधीच गेलेला, कारण आदल्याच आठवड्यात न्यू यॉर्कच्या आयलंडर्सनी पिट्सबर्गला पहिल्याच राउंडमध्ये ४-० असं धुऊन घरी पाठवलं होतं. आमची वेगासबरोबर सिरीज चालू (सात मॅच, आधी चार जिंकेल तो पुढे), १-३ ने मागे होतो ते ३-३ वर आणलेलं आणि सातवी मॅच घरच्या मैदानावर, २३ तारखेला, मंगळवार. माझ्याकडे दोन तिकिटं होती आणि बायको म्हणाली घेऊन जा त्यांना, पाहुणे आहेत. घेऊन गेलो. प्लेयर त्या मोठ्ठ्या शार्कच्या जबड्यातून धुरातून बाहेर येतात ना, तेव्हा सगळं स्टेडियम उभं, हे बसलेले, नाचोज खात. "तमाशा चांगलाय तुमचा," एवढंच बोलले.

तीनपैकी दोन पिरियडमध्ये वेगास २-० ने पुढे, आणि तिसरा सुरू होऊन चार मिनिटंही झाली नाहीत तर त्यांच्या पाचिओरेटीने तिसरा गोल घातला. ३-०. स्टेडियममध्ये एकदम सुतक. साडू उठले. "चला की वो, पार्किंगात अडकायचं काय, मला सकाळी मीटिंग हाय." मी म्हटलं मी बसतो. मग त्यांनी माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि गेले. खरंच गेले. सातव्या मॅचला! जायचं तर जा, पण जाता जाता शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईंना इंग्लिशमध्ये "बेटर लक नेक्स्ट इयर" म्हणून गेले, त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच बोललो.

ते जाऊन थोडा वेळ झाला असेल, खेळ सुरू करायच्या फेसऑफनंतर वेगासच्या ईकिनने आमच्या कॅप्टनला, जो पवेल्स्कीला, छातीत काठी मारून ढकललं, तो पडताना दुसऱ्याला धडकला आणि डोकं थेट बर्फावर. हललाच नाही. पांढऱ्या बर्फावर रक्त, दोघंतिघं त्याला धरून आत घेऊन गेले, अठरा हजारांच्या स्टेडियममध्ये चिडीचूप. रेफरींनी पाच मिनिटांची मेजर पेनल्टी दिली, म्हणजे तेवढा वेळ वेगासचा एक खेळाडू कमी. दोन मिनिटांची असती तर एका गोलला संपली असती, मेजर संपत नाही, कितीही गोल घाला. आमचा कूचर. मग हर्टल. मग परत कूचर. मग लबँक. चार गोल, चार मिनिटं आणि एक सेकंद, ४-३! शेजारच्या बाई मला मिठी मारून रडत होत्या, मी पण, सांगायला लाज नाही. आणि तेवढ्यात खिशात फोन वाजतोय, साडूंचा, "काय झालं वो आत? इथला पार्किंगवाला नाचायला लागलाय." परत आत यायला गेले तर दारावरच्याने सोडलं नाही, एकदा बाहेर पडलात की पडलात. वेगासने ४७ सेकंद राहिले असताना बरोबरी केली, आणि ओव्हरटाइम संपत आलेला तेव्हा बार्कले गुड्रोने घातला. ५-४. हे सगळं आमच्या पाहुण्यांनी कुठे ऐकलं, तर माझ्या होंडाच्या रेडिओवर.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीत येऊन बसलो, घसा बसलेला, माझं अंग थरथरतंय, आणि हे म्हणतात, "ते ठीक आहे, पण ट्रॉफी काय मिळाली?"

काही नाही मिळाली. पहिल्या राउंडला कुणी ट्रॉफी देत नाही. पुढे कोलोरॅडोला काढलं, कॉन्फरन्स फायनलला सेंट लुईसकडून हरलो आणि कप तेच घेऊन गेले. पण त्या मॅचचा परिणाम असा की पुढच्या सीझनपासून लीगने नियमच बदलला, मेजर पेनल्टी दिली की रेफरीनी व्हिडिओ बघायचा, कारण ईकिनची ती मेजर द्यायला नको होती असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं (माझं नाही).

तर पुरस्कारांकडे येतो. जो थॉर्नटन. नोव्हेंबर २००५ मध्ये आम्ही लागोपाठ १० मॅच हरलेलो आणि बॉस्टनने स्वतःचा कॅप्टन तीन खेळाडूंच्या बदल्यात आमच्याकडे देऊन टाकला. सीझन संपला तेव्हा त्याचे १२५ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून), त्यात ९६ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, सगळ्यात जास्त पॉइंटची आर्ट रॉस ट्रॉफी त्याला आणि लीगच्या एमव्हीपीची, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूची, हार्ट पण त्यालाच. सीझनच्या मध्यात टीम बदलून हार्ट जिंकणारा लीगच्या इतिहासात तो एकटा. आणि त्याच्या शेजारी खेळणारा जोनाथन चीचू, ओंटारिओमधल्या मूस फॅक्टरी नावाच्या कोपऱ्यातल्या गावचा, क्री आदिवासी समाजातला मुलगा, त्याने त्याच वर्षी ५६ गोल घालून सगळ्यात जास्त गोलची रॉकेट रिशार्ड ट्रॉफी घेतली, यागरला मागे टाकून. म्हणजे एकाच वर्षी सगळ्यात जास्त पॉइंट, सगळ्यात जास्त गोल आणि एमव्हीपी, तिन्ही एका टीमकडे. हे उत्तेजनार्थ?

इथे साडूंचं ठरलेलं उत्तर असतं, टीम हरली तर एकट्याच्या आकड्यांना काय अर्थ. ठीक आहे. पण साडू बेळगावचे म्हणजे आरसीबीचे, कट्टर. २०१६ मध्ये कोहलीने ९७३ रन काढून ऑरेंज कॅप घेतली, आरसीबी फायनल ८ रननी हरली, आणि पुढची कित्येक वर्षं या माणसाने लग्नात, मुंजीत, विमानतळावर ते ९७३ लोकांना ऐकवले. तेव्हा कप होता का? आरसीबीला तो मिळायला २०२५ उजाडलं. म्हणजे विराटचे रन इतिहास आणि थॉर्नटनचे ९६ असिस्ट पासटाइम, असं कसं चालेल? हे मी त्यांना तोंडावर विचारलंय, तर म्हणाले "क्रिकेट वेगळं." काय वेगळं ते अजून सांगायचंय.

प्रेसिडेंट्स ट्रॉफीचं पण तेच. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ मॅच, आज व्हँकुव्हर तर परवा डॅलस, लागोपाठच्या रात्री मॅच, अर्धी टीम जखमी, आणि तरी ५३ जिंकायच्या. माझ्या मते हे जास्त अवघड आहे. कप म्हणजे दोन महिने गोलकीपर तापला आणि पक (खेळायची ती चकती) नशिबाने लागत गेला की मिळतो, असं मी म्हणतो आणि लोक चिडतात, चिडू देत.

बर्न्सचा २०१७ चा नॉरिस, सर्वोत्तम डिफेन्समनचा (बचावातल्या खेळाडूचा) पुरस्कार, डिफेन्समन असून २९ गोल, आणि मधे एक वर्ष त्याला फॉरवर्डला खेळवत होते, तिथून परत मागे येऊन हे. नाबोकोव्हचा २००१ चा कॅल्डर, सर्वोत्तम नवोदिताचा, कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्कचा गोलकीपर, पुढच्याच सीझनला त्याने स्वतः गोल मारला तो पण पॉवरप्लेवर, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीमुळे कमी असताना, आणि असा पॉवरप्लेवरचा गोल आधी कुठल्याच गोलकीपरने मारला नव्हता. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी ट्रॉफी टोनी ग्रॅनाटोची मास्टर्टन, १९९७ ची. ९६ च्या सुरुवातीला मेंदूचं ऑपरेशन, तेव्हा तो लॉस एंजेलिसला होता, पुढच्या सीझनला आमच्याकडे आला आणि २५ गोल. ही ट्रॉफी चिकाटीसाठी देतात, आणि तिची टीव्हीवर कोणी चर्चा करत नाही.

१९९२-९३ पण लक्षात ठेवा. डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये खेळायचो तेव्हा, ११ जिंकल्या, ७१ हरल्या. एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त पराभवांचा लीगचा रेकॉर्ड अजून आमच्याकडेच आहे, तोही काढून घ्या हवा तर. आणि पुढच्याच वर्षी तीच टीम आठव्या नंबरने प्लेऑफला गेली आणि डेट्रॉइटला सात मॅचमध्ये घरी पाठवलं.

कार्लसनचं सांगायचं राहिलं आणि तेच मला सगळ्यात आवडतं. २०२२-२३ ला शार्क्स भंगार होते, २२ मॅच जिंकल्या फक्त, आणि त्या टीममध्ये एरिक कार्लसनने १०१ पॉइंट केले. डिफेन्समनने शंभर ओलांडायची ही १९९१-९२ नंतरची पहिलीच वेळ. नॉरिस मिळाला. त्या उन्हाळ्यात त्याला कुठे पाठवला? पिट्सबर्गला! साडूंनी त्याच दिवशी मेसेज केला, "तुमची ट्रॉफी आमच्याकडे आली." मी म्हटलं ट्रॉफीवर सॅन होजे लिहिलंय, माणूस घेऊन जा. त्यानंतरचे पहिले दोन्ही सीझन पिट्सबर्ग प्लेऑफला पोचलंच नाही आणि तेव्हा जेवताना शोकेसचा विषय निघाला नाही, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

आता न्यायाने बोलायचं तर काही गोष्टी मान्य करायला हव्यात. डिव्हिजनच्या बॅनरचं फार कौतुक करू नये, चारपाच टीममध्ये पहिलं यायचं असतं. कॅम्पबेल बोलला तर बरेच कॅप्टन हातच लावत नाहीत, लावला तर कप हुकतो म्हणे. आणि ज्या वर्षी प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळाली त्याच वर्षी पहिल्या राउंडला अॅनाहाइमने आम्हाला काढलं, आठव्या नंबरच्या टीमने, ते मला आजही बोलवत नाही. २०१४ ला लॉस एंजेलिसविरुद्ध ३-० ने पुढे असून सिरीज घालवली, ते पण. म्हणजे "शार्क्स मोक्याला कच खातात" हे म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीत. पण मोक्याला कच खाणं वेगळं आणि काहीच न मिळवणं वेगळं.

सॅन होजेला कधी आलात तर मॅच नसली तरी स्टेडियममध्ये घुसायची संधी मिळाली तर वर बघा, मोठ्या खेळाडूंचे जर्सी नंबर तिथे टांगलेत. १२ नंबर पॅट्रिक मार्लोचा, १७७९ मॅच, गॉर्डी हाउचा सगळ्यात जास्त मॅचचा रेकॉर्ड मोडून, आणि तो मोडताना अंगावर शार्क्सचाच जर्सी. १९ नंबर थॉर्नटनचा, २०२४ ला चढवला, आणि २०२५ ला पहिल्याच फटक्यात हॉल ऑफ फेम. दोघांच्याही हातात कप कधी आला नाही. हॉल ऑफ फेमवाल्यांना थॉर्नटनच्या बाबतीत ते आड आलं नाही, मग तुमच्या-आमच्यात का यावं?

सल्ला एवढाच, कोणी कपाचा आकडा विचारला तर शून्य म्हणून मोकळं व्हा, लपवाछपवी करायची नाही, आणि लगेच २००६ चं, थॉर्नटन-चीचूचं वर्ष सांगा. फक्त समोरचा पिट्सबर्गचा असेल तर हार्टवर जास्त ताणू नका, त्यांच्याकडे लेमिय, यागर, क्रॉस्बी, माल्किन असे हार्टवाले ढिगाने आहेत, मी एकदा तोंडघशी पडता पडता वाचलोय. कार्लसनचं मात्र जरूर काढा.