भिंत कुणाची?

प्रिय,

लोकांना सोबत घेऊन करायच्या कलाप्रकल्पाचा तुझा आराखडा दोनदा वाचला. भित्तिचित्र, वाद्यं, सावल्यांचा खेळ, शेवटी सगळ्यांनी मिळून चालणं. कल्पना देखण्या आहेत. पण ‘लोकसहभाग’ पानोपानी असूनही लोक नेमकं काय ठरवणार, ते कुठेच सापडलं नाही.

माझ्या पहिल्या भिंतीचं सांगते. रेघा मी आखल्या, रंगाच्या डब्यांवर नंबर घातले, आणि वस्तीतल्या माणसांनी नंबर बघून रंग भरले. फोटो झकास आले. चार महिन्यांनी गेले तर चित्राच्या मधोमध जाहिरातीचा कागद. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “तुमच्या भिंतीवर कुणीतरी चिकटवलंय हो.” तुमच्या! मी मुकाट्याने नखाने कागद खरवडत बसले.

जोसेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात, संग्रहालयासमोर, बसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग घातला. एक झाड लागलं की एक शिळा उचलून त्याच्या शेजारी रोवायची. झाडांच्या जागा रहिवासी सुचवायचे, शाळा सुचवायच्या. ढीग डोळ्यांपुढून हलायला हवा असेल, तर झाडं लावा! १९८६ मध्ये बॉइस गेला, पण काम अडलं नाही. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं. तुझ्या आराखड्यातून तुला वजा करून बघ. काय उरतं?

भव्यच हवं असं मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये मिर्ल लेडरमन युकेलेस या कलावतीने १९७९-८० मध्ये सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. कचरा उचलताना त्यांच्या मागून चालत तिने त्यांच्या हालचालीही गिरवल्या. बाईंचा हा चिवटपणा मला कुठल्याही शिल्पाहून मोठा वाटतो.

तेव्हा निदान महिनाभर वही न उघडता, जिथे काम करणार आहेस तिथे नुसती जाऊन बस. विषय, जागा, वेळ यांतली एक तरी गोष्ट खरोखर तिथल्या लोकांच्या हाती सोड, मग ती तुला आवडो न आवडो. (नाहीच आवडणार बहुधा.) खर्चात दोन रकाने वाढव: येणाऱ्यांच्या वेळेचं मानधन आणि नंतरची देखभाल. पैसे देणारे पहिली कात्री तिथेच लावतात, तिथे अडून बस.

आणि एखादा म्हणाला, “मला चालायचं नाही, नुसतं बघायचंय,” तर त्याला कुठे बसवशील? पुढच्या पत्रात तेवढं कळव.